उत्तररंग

कृष्णाकाठी, शिरोळ तालुक्यातल्या एका गावात एक नारदीय कीर्तनकार राहत असत. गावाला ते बुवा, घरात अण्णा. त्यांची नात शाळेत असल्यापासून त्यांच्यामागं पेटीच्या साथीला बसायची. कुठल्या वाक्यावर अण्णा थांबतील, कुठल्या वाक्याला बायका डोळ्यांना पदर लावतील आणि खांबाला टेकलेली माणसं कुठं सावरून बसतील, हे तिला मान वर न करता कळे.

नात मोठी झाली, मेकॅनिकलची पदविका घेतली आणि शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत वर्षभर ॲप्रेंटिस राहिली. कोल्हापूरकडं ओतकामाचा पसारा मोठा. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल, जिकडं जावं तिकडं वाळूचे साचे आणि वितळलेलं लोखंड. मुलगी त्या उष्णतेत आणि धुरळ्यात मन लावून शिकली. वर्ष संपलं आणि चाकणच्या एका कंपनीकडून तिला मुलाखतीचं बोलावणं आलं.

समोर तिघं बसले होते. पहिला प्रश्न नेहमीचाच, स्वतःबद्दल सांगा. तिनं नाव, गाव, टक्केवारी सांगितली आणि म्हणाली, ‘मी हार्डवर्किंग आहे, टीम प्लेअर आहे, नवीन गोष्टी लवकर शिकते.’ मधल्या साहेबांनी विचारलं, ‘एखादी अडचण सोडवलीत का कधी?’ ती म्हणाली, ‘हो सर. फाउंड्रीत रिजेक्शन कमी केलं. रूट कॉज ॲनालिसिस केलं आणि करेक्टिव्ह ॲक्शन घेतली.’ साहेबांनी मान हलवली, पण कागदावर काही लिहिलं नाही. आणखी दोनचार प्रश्न झाले आणि ‘कळवू’ म्हणून तिला बाहेर पाठवलं. कळवलं काहीच नाही.

खरं तर तिची तयारी होती. कॉलेजातल्या प्लेसमेंटच्या सरांनी मुलांना ‘स्टार’ नावाची पद्धत शिकवली होती: आधी परिस्थिती सांगायची, मग तुमच्यावर काय जबाबदारी होती ते, मग तुम्ही काय केलं आणि शेवटी काय निष्पन्न झालं. पद्धत चांगली आहे आणि मुलाखत घेणारेही बरेचदा त्याच क्रमानं ऐकतात. पण त्या चार खणांत घडलेला प्रसंग भरायचा असतो. आपली मुलं त्यात भारदस्त शब्द भरतात. ‘रूट कॉज ॲनालिसिस केलं’ हे वाक्य त्या दिवशी त्या खोलीत आलेल्या प्रत्येक उमेदवारानं म्हटलं असेल. त्यातून ही मुलगी कोण, हे समोरच्यांना कसं कळावं?

त्याच आठवड्यात शेजारच्या गावात अण्णांचं कीर्तन होतं. नात पेटीला बसली. पूर्वरंगात अण्णांनी दयेवर निरूपण केलं. दया म्हणजे काय, ती कुणाला शोभते, तिला किंमत का मोजावी लागते. लोक ऐकत होते, अधूनमधून जांभयाही देत होते. मग नामाचा गजर झाला, बुवांना हार घातला, बुक्का लावला आणि उत्तररंगात दामाजीपंत आले. मंगळवेढ्याचा दुष्काळ आला. दाणा दाणा करत दारात उभी राहिलेली माणसं आली. बादशाहाचं धान्यानं भरलेलं कोठार आलं, आणि ते उघडलं तर आपली मान जाणार हे पक्कं ठाऊक असलेला एक कारभारी आला. जांभया थांबल्या. पाठीमागची मुलं पुढं सरकली. विठू महाराच्या रूपात देव बिदरला जाऊन धान्याचे पैसे चुकते करतो, तिथवर आख्यान पोचलं तेव्हा मंडपात कुणी खोकतसुद्धा नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णांनी नातीला जवळ बसवून घेतलं.

‘मुलाखतीत काय विचारलं आणि तू काय सांगितलंस, शब्दन्‌शब्द सांग.’

तिनं सांगितलं. अण्णा म्हणाले, ‘पोरी, हा सगळा पूर्वरंग झाला. आख्यान लावलंसच नाहीस.’

‘म्हणजे?’

‘काल मी तासभर दया दया म्हणत होतो. आज गावात कुणालाही विचार, बुवा दयेबद्दल काय बोलले? कुणाला धड सांगता येणार नाही. दामाजीपंतांनी काय केलं विचार, शेंबडं पोर सांगेल. गुण सांगून कुणाला दिसत नाही. प्रसंग सांगितला की ऐकणाऱ्याला तो आपोआप दिसतो, आणि आपला आपण दिसलेला गुण माणूस विसरत नाही. तू त्यांना म्हणालीस, मी कष्टाळू आहे. तो निवाडा त्यांनी करायचा होता. तू फक्त घडलं ते सांगायचंस.’

नात म्हणाली, ‘पण अण्णा, स्वतःचं कौतुक स्वतः करायचं मला जमत नाही. जीभ अडखळते.’

ही अडचण फार मुलामुलींची आहे आणि ती खरी आहे. चांगल्या घरात वाढलेल्या पोरांना लहानपणापासून शिकवलेलं असतं की आपली टिमकी आपण वाजवू नये. मुलींना तर जास्तच. मग मुलाखतीच्या खोलीत त्यांना एकदम ‘मी अशी, मी तशी’ म्हणायला सांगतात आणि त्यांचा आवाज खाली जातो. समोरच्यांना वाटतं, हिला आत्मविश्वास नाही. पण प्रसंग सांगताना टिमकी वाजवावीच लागत नाही. काय घडलं, काय पाहिलं, काय केलं, एवढंच सांगायचं असतं. संकोची माणसाला मुलाखतीत याच्याइतका दुसरा आधार नाही.

अण्णांनी विचारायला सुरुवात केली. ‘रिजेक्शन म्हणजे काय, मला ठाऊक नाही. मला समजेल असं सांग.’

‘आमच्याकडं पंपाच्या बॉडी ओतायचे. कास्टिंग बाहेरून चांगलं दिसायचं. पण मशिनिंगला गेलं आणि वरचा थर कापला, की आत छिद्रं निघायची. ब्लो होल म्हणतात. मग ते कास्टिंग बाद.’

‘रोज निघायची?’

‘नाही ना! तीच तर गंमत होती. कधी निघायची, कधी नाही. सुपरवायझर म्हणायचे वाळू खराब, कुणी म्हणायचं लोखंड थंड ओतलं.’

‘मग तू काय केलंस?’

‘मी प्रत्येक कास्टिंगवर ते ओतल्याची तारीख रंगानं लिहायला लागले. कास्टिंग मशिनिंगला जायचं दोनतीन दिवसांनी, त्यामुळं ते ओतलं कधी हे तिथं कुणाच्या ध्यानात राहत नव्हतं. तारखा बघितल्या तर बहुतेक बाद माल मंगळवारचा. सोमवारी सुट्टी असायची.’

अण्णा पुढं सरकून बसले. ‘आणि?’

‘पंपाची बॉडी आतून पोकळ असते. ती पोकळी राहावी म्हणून साच्यात वाळूचा कोअर ठेवतात. कोअर शॉपमध्ये एक मावशी होत्या, वीस वर्षं तेच काम करत होत्या. त्यांना मी विचारलं, मंगळवारी काय वेगळं असतं? त्या म्हणाल्या, “रविवारी केलेले कोअर मंगळवारी हाताला गार लागतात बघ, आणि कडा भुगभुगीत होतात.” पावसाळा होता. दीड दिवस रॅकवर पडून कोअरनं हवेतली ओल धरलेली. त्यावर जवळजवळ १४०० अंशांचं लोखंड पडलं की ओलीची वाफ होणारच. पाण्याची वाफ झाली की तिला सतराशे पट जागा लागते. जायला वाट मिळाली नाही की ती लोखंडातच अडकते. तीच छिद्रं.’

अण्णा म्हणाले, ‘अगं, एवढं सगळं तुझ्याजवळ होतं आणि तू तिथं जाऊन रूट कॉज की काय म्हणालीस?’

पुढचे काही दिवस संध्याकाळी हीच तालीम चालली. अण्णांनी तिला एक गोष्ट पहिल्यांदा शिकवली ती म्हणजे कापाकापी. कीर्तन दोन तास चालतं, मुलाखतीतल्या उत्तराला दोन मिनिटं मिळतात. फाउंड्री कधी सुरू झाली, किती भट्ट्या होत्या, हे सगळं गेलं. आधी मराठीत सांगायचं आणि तेही आईला. आईला ओतकामातलं काही कळत नव्हतं. ती चपात्या लाटता लाटता ऐकायची आणि जिथं लाटणं थांबवून ‘म्हणजे गं?’ म्हणायची, तिथलं वाक्य बदलायचं. मराठीत घटना पक्की बसली, मग तीच साध्या इंग्रजीत आणि हिंदीत सांगायची. याचा फायदा असा झाला की तिला इंग्रजी पाठ करावं लागलं नाही. घडलेलं डोळ्यांपुढं होतं, शब्द त्याच्यामागं येत होते. भाषेची भीती वाटणाऱ्या पोरांनी हे करून पाहावं असं मला मनापासून वाटतं. पाठ केलेलं वाक्य एका शब्दाला अडलं की सगळं कोसळतं. आठवणारा प्रसंग अडत नाही.

पण सांगता सांगता गोष्ट वाढायला लागली. चौथ्यापाचव्या दिवशी नात म्हणाली, ‘माझ्या लक्षात आलं की कोअर ओले आहेत. मी ते ओव्हनमध्ये परत तापवायला लावले आणि रिजेक्शन शून्यावर आलं.’

अण्णांनी हात वर केला. ‘थांब. त्या मावशी कुठं गेल्या?’

ती गप्प झाली.

‘आणि शून्यावर आलं होतं का खरंच?’

‘नाही अण्णा. एका मंगळवारी आम्ही ४० कोअर घेतले. २० ओव्हनमधून काढले, २० तसेच वापरले. ओव्हनमधल्या वीसांत एकही बाद नाही, बाकीच्यांत ३ बाद. पण तिसऱ्या मंगळवारी ओव्हनमधल्यांतही एक बाद निघालं. ते का, ते कळलं नाही. तेवढ्यात माझी ॲप्रेंटिसशिप संपली.’

‘मग तेच सांग. दामाजीपंतांचं आख्यान शेकडो वर्षं टिकलं, त्यात देवाला रंगवायला मोकळीक आहे. तुझं आख्यान तू जगलीस, त्याला तू साक्षीदार. समोरच्यानं दुसरा प्रश्न विचारला, तिसरा विचारला, तरी तुझे पाय जमिनीवर राहिले पाहिजेत. आणि ज्यांच्या हाताला कोअर गार लागला त्या बाईचं नाव काढल्यानं तू लहान होत नाहीस. तू विचारायला गेलीस, हाच तुझा मोठेपणा. तो त्यांना दिसू दे.’

अण्णांचं म्हणणं किती खरं होतं, हे नातीच्या वर्गातल्या एका मुलाच्या बाबतीत महिन्याभरातच दिसलं. त्यानं मित्राच्या प्रोजेक्टची गोष्ट फार सफाईनं बसवली होती. मुलाखतीत ती गोष्ट ऐकून साहेब खूश झाले आणि खूश झाले म्हणूनच त्यांनी खोलात विचारलं. मशीन कुठलं होतं? त्या दिवशी शिफ्टला कोण होतं? पहिल्यांदा फसलं तेव्हा काय केलंत? मुलाला उत्तरं येईनात. गोष्ट सपक असती तर कदाचित निभावलं असतं. चांगली गोष्ट पुढचे प्रश्न ओढून आणते आणि ते प्रश्न फक्त जगलेल्या माणसालाच पेलतात.

शेवटच्या दिवशी अण्णांनी कीर्तनातली आणखी एक रीत सांगितली. आख्यान संपलं की बुवा तसाच आरतीला वळत नाही. ज्या पदापासून पूर्वरंग सुरू झाला, त्या मूळ पदाशी आख्यान नेऊन बांधतो. नाहीतर लोक म्हणतात, गोष्ट छान होती, पण कशाकरता सांगितली?

‘तुझं मूळ पद म्हणजे त्यांची जाहिरात,’ अण्णा म्हणाले. ‘त्यांना कशासाठी माणूस हवा आहे ते नीट वाच. तुझी गोष्ट तिथं नेऊन सोड. आणि एकच आख्यान असलं तरी घाबरू नको. दामाजीपंत मी दयेवर लावतो, निष्ठेवर लावतो, देव भक्ताचा ऋणी कसा होतो यावरही लावतो. मूळ पद बदललं की आख्यानात कुठं रेंगाळायचं ते बदलतं. त्यांनी विचारलं, वरिष्ठांशी मतभेद झाला तेव्हा काय केलंस, तर सुपरवायझर वाळूला दोष देत होते तिथं थांब. विचारलं, कधी अपयश आलं का, तर तो तिसरा मंगळवार आहेच.’

दुसरी मुलाखत भोसरीला होती. ही कंपनी स्वतः ओतकाम करणारी, जागा क्वालिटी विभागातली. समोर दोघं होते. एक क्वालिटीचे मॅनेजर, तमिळ बोलणारे, त्यामुळं बोलणं हिंदी-इंग्रजीत. दुसऱ्या एचआरच्या बाई.

‘टेल मी अबाउट युवरसेल्फ.’

तिनं दोन वाक्यांत नाव, गाव, शिक्षण संपवलं. मग म्हणाली, ‘गेल्या पावसाळ्यात मी ज्या फाउंड्रीत होते तिथं मंगळवारी ओतलेली कास्टिंगं बाद होत होती, आणि ती मंगळवारची आहेत हे कुणाला माहीत नव्हतं.’

मॅनेजरांनी बायोडाटावरून नजर उचलली.

तिनं रंगानं लिहिलेल्या तारखा सांगितल्या, मावशींच्या हाताला गार लागलेला कोअर सांगितला, वीस आणि वीसांची चाचणी सांगितली. मॅनेजरांनी मध्येच अडवलं. ‘वीस कास्टिंगवरून काही सिद्ध होतं असं तुम्हाला वाटतं?’

‘नाही सर. म्हणून सुपरवायझरांनी आणखी दोन मंगळवार तसंच करायला सांगितलं. दुसऱ्या मंगळवारी पहिल्यासारखंच झालं. तिसऱ्या मंगळवारी तापवलेल्या कोअरमध्येही एक बाद निघालं. त्याचं कारण मला सापडलं नाही.’

‘तुम्हाला काय वाटतं, काय असेल?’

‘ओव्हनमधून काढल्यावर ते कोअर साच्यात किती वेळानं बसवले, याची मी नोंद ठेवली नव्हती. मला वाटतं तिथं बघायला हवं होतं. आता करायचं झालं तर तारखेबरोबर वेळही लिहीन.’

मॅनेजरांनी कागदावर काहीतरी लिहिलं. एचआरच्या बाईंनी विचारलं, ‘सुपरवायझरांना आधी वाळूच खराब वाटत होती ना? तुम्ही ॲप्रेंटिस. त्यांना कसं पटवलंत?’

‘मी त्यांना चूक म्हणाले नाही, मॅडम. तारखांचा कागद त्यांच्या टेबलावर ठेवला आणि एवढंच विचारलं की वाळू रोज तीच असेल तर मंगळवारीच का बिघडते. मग ते स्वतः माझ्याबरोबर कोअर शॉपमध्ये आले. मावशींशी त्यांनीच बोलणं केलं, चाचणीची परवानगीही त्यांनीच काढली.’

मग तिनं गोष्ट मूळ पदाशी आणली. ‘तुमच्या जाहिरातीत लिहिलंय की ग्राहकाकडून परत आलेल्या मालाचं कारण शोधायला माणूस हवा आहे. परत आलेला माल कुठल्या दिवशी, कुणाच्या हातून, कशातून गेला हे मागं मागं जाऊन बघणं मला आवडतं. त्यातलं थोडंसं मी केलंय, ते हे.’

मॅनेजर खुर्चीत मागं टेकले. ‘आमच्याकडं रविवारी सुट्टी असते. शनिवारचे कोअर सोमवारी कसे असतील?’

‘ते पाहिल्याशिवाय मला सांगता येणार नाही, सर. तुम्ही कुठल्या पद्धतीचे कोअर करता आणि ते कुठं ठेवता, त्यावर आहे.’

त्यांनी टेबलावरचा फोन उचलला आणि कोअर शॉपला विचारलं की शनिवारी उरलेले कोअर कुठं ठेवता. पलीकडच्या माणसानं काहीतरी सांगितलं. त्यांनी पुन्हा विचारलं, ‘दरवाजाजवळ? उघड्यावर?’ फोन ठेवून ते उठले, एचआरच्या बाईंना म्हणाले, ‘यांच्या मापाचे सेफ्टी शूज आणि एक हेल्मेट द्यायला सांगा,’ आणि नातीला घेऊन शॉपकडं निघाले. रॅक बघून, तिथल्या कामगारांशी बोलून दोघं तासाभरानं परत आले, तेव्हा पगाराचं आणि रुजू होण्याच्या तारखेचं बोलणं झालं.